निळ्या पूररेषेतलं घर आणि पाडकामाची नोटीस: काय करायचं, कोणत्या क्रमानं

महाराष्ट्रात नदीकाठी गुंठा-दोन गुंठे घेऊन घर बांधलेल्या आणि आता दारावर पाडकामाची नोटीस लागलेल्या कुटुंबांसाठी हा लेख आहे. मी अशाच एका वसाहतीतला प्लॉटधारक. आमचं प्रकरण महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयापासून राष्ट्रीय हरित लवादापर्यंत (पर्यावरणाचे खटले चालवणारं विशेष न्यायपीठ) गेलं. त्या वाटेवर बहुतेक घरांचे पैसे आणि महिने चुकीच्या लढाईत गेलेले मी पाहिले आहेत.

दोन प्रश्नांची उत्तरं आधी मिळवा. घर नेमकं कोणत्या पूररेषेत आहे? आणि पाडण्याचा आदेश मुळात कोणाचा आहे? घर वाचवण्यासाठी लढायचं, की मुदत आणि पैसे मिळवण्यासाठी, हे या दोन उत्तरांवरून ठरतं.

हा लेख वकिलाची जागा घेणार नाही. पण वकिलाकडे जाताना तुमच्या पिशवीत काय असावं आणि तोंडात कोणते प्रश्न असावेत, ते यातून कळेल.

१. नोटीस शांतपणे वाचा आणि पाच गोष्टी लिहून काढा

नोटीस कोणत्या कायद्याखाली आहे ते पहिलं पाहा. शहरी भागात ती साधारणपणे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली (बोलीभाषेत एमआरटीपीची नोटीस) किंवा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम २६० किंवा २६७ खाली येते. मग पुढचं टिपा: कोणत्या अधिकाऱ्याची सही आहे, किती मुदत दिली आहे, सर्व्हे किंवा गट क्रमांक बरोबर आहे का, आणि नोटिशीत एखाद्या न्यायालयाच्या किंवा लवादाच्या आदेशाचा उल्लेख आहे का.

शेवटचा मुद्दा सगळ्यात वजनदार. महापालिकेनं स्वतःहून दिलेली नोटीस वेगळी आणि लवादाच्या आदेशाची अंमलबजावणी म्हणून आलेली नोटीस वेगळी. दुसऱ्या प्रकारात आयुक्तांना कितीही निवेदनं द्या, त्यांचे हात बांधलेले असतात. नगरसेवक आणि आमदारांकडच्या चकरा तिथे फुकट जातात.

नोटीस नावावर नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. तुकडेबंदीमुळे (जमिनीचे लहान तुकडे करण्यावरच्या बंदीमुळे) अशा ठिकाणी सातबारा बऱ्याचदा सामाईक राहिलेला असतो, त्यामुळे नोटीस बऱ्याचदा मूळ शेतकऱ्याच्या किंवा विकसकाच्या नावानं निघते आणि घरावर फक्त चिकटवली जाते. चिकटवलेल्या नोटिशीचा फोटो तारीख-वेळेसह काढा आणि ताबा तुमचा आहे असं लेखी कळवा. तुम्हाला ऐकून न घेताच आदेश झाला असेल, तर पुढे तो मुद्दा मांडायला हाच कागद लागतो.

२. घर कोणत्या रेषेत आहे ते कागदावर आणा

लोक इथेच सगळ्यात जास्त अंदाजानं बोलतात. "इथे कधी पाणी आलं नाही" हे वाक्य मी प्रत्येक बैठकीत ऐकलं. कायद्याच्या दृष्टीनं त्याला किंमत नाही.

निळी रेषा म्हणजे ढोबळमानानं २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची पातळी. लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. नदीपात्र ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, तर निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र. या रेषा जलसंपदा विभाग आखतो आणि विकास आराखड्याच्या नकाशावर त्या दाखवल्या जातात. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार निषिद्ध क्षेत्रात उद्यान, हिरवळ, वाहनतळ, खुला भाजीबाजार, स्मशानभूमी, सांडपाणी प्रक्रिया केंद्र असे मोजकेच वापर चालतात, नवं राहतं घर चालत नाही. नियंत्रित क्षेत्रात मात्र बांधकामाला परवानगी मिळू शकते. जोत्याची पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच असावी लागते.

म्हणून "आम्ही पूररेषेत आहोत" एवढ्यावर थांबू नका. निळ्या रेषेच्या आत की बाहेर, ते ठरवा. काही वेळा एकाच प्लॉटचा अर्धा भाग आत आणि अर्धा बाहेर असतो, आणि तेव्हा घराच्या जोत्याची जागा निर्णायक ठरते.

ते ठरवण्यासाठी नगररचना विभागातून तुमच्या गट क्रमांकाचा विकास योजना भाग नकाशा आणि झोन दाखला घ्या. जलसंपदा विभागाच्या संबंधित कार्यालयातून त्या पट्ट्यातील पूररेषेचा नकाशा आणि पातळ्यांचा तक्ता मागा. भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीची 'क' प्रत (मोजणीचा नकाशा) सोबत ठेवा. मग एखाद्या चांगल्या सर्व्हेअरकडून घराच्या जोत्याची पातळी समुद्रसपाटीपासून मोजून घ्या आणि पूररेषेच्या नकाशावर बसवून घ्या. पूररेषा ही मुळात पातळीची रेषा आहे. नदीपासून अमुक फूट लांब आहोत या युक्तिवादानं ती सरकत नाही.

भरावाबद्दल स्पष्ट सांगतो. राडारोडा टाकून प्लॉट उंच केला म्हणून तो निळ्या रेषेबाहेर जात नाही. उलट भराव हाच तुमच्याविरुद्धचा पुरावा होतो, कारण तुमच्याकडे न मावलेलं पाणी समोरच्या काठावरच्या घरांत शिरतं.

नकाशांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो (१० रुपयांचं शुल्क), पण त्याला ३० दिवसांची मुदत असते आणि नोटिशीची मुदत त्याआधी संपू शकते. त्यामुळे साधा नक्कल अर्ज आणि माहिती अधिकाराचा अर्ज दोन्ही एकाच दिवशी टाका, आणि दोन्हींची पोच घ्या.

३. कागदांची फाईल

मूळ कागद घरी, वकिलाकडे झेरॉक्स. फाईलमध्ये हे असावं:

- खरेदीखत किंवा साठेखत, सूची क्रमांक २, पैसे दिल्याच्या बँक नोंदी
- विकसकाची जाहिरात, माहितीपत्रक, प्लॉटिंगचा नकाशा, व्हॉट्सअॅपवरचे संदेश
- सातबारा, फेरफार, असल्यास बिनशेती आदेश
- बांधकाम परवानगी, जोते तपासणी दाखला, भोगवटा प्रमाणपत्र (यातलं जे असेल ते)
- मालमत्ता कराच्या पावत्या, वीजबिलं, बांधकाम कधी झालं ते दाखवणारे फोटो
- गृहकर्जाचा करार आणि बँकेनं करून घेतलेला शोध अहवाल
- प्रत्येक नोटीस, तुमचं उत्तर आणि आवक शिक्क्याची पोच

माहितीपत्रक आणि संदेश लोक फेकून देतात. "आर झोन", "कलेक्टर एनए", "पूररेषेबाहेर" असे शब्द ज्या कागदावर असतील तो जपा. सातव्या टप्प्यात तोच सगळ्यात मोलाचा ठरतो.

आता या यादीतल्या भ्रमांबद्दल. दस्त नोंदणी झाली म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं, असं नाही. दुय्यम निबंधक व्यवहार नोंदवतो, पूररेषा तपासत नाही. वीजजोड मिळाला यानंही काही सिद्ध होत नाही. कराचं तर कायद्यातच लिहिलेलं आहे: महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७अ खाली अनधिकृत बांधकामावर शास्ती लावली आणि तुम्ही ती भरली, तरी त्यामुळे बांधकाम नियमित होत नाही. वर्षानुवर्षं इमानेइतबारे कर भरणाऱ्या माणसाला हे फार लागतं, मला माहीत आहे. पण न्यायालयात या पावत्यांचा उपयोग ताबा आणि बांधकामाचा काळ दाखवण्यापुरताच होतो.

४. उत्तर मुदतीत द्या, आणि प्रत्येकानं आपापलं द्या

वसाहतीच्या लेटरहेडवर सगळ्यांच्या सह्यांचं एकच पत्र देऊ नका. प्रत्येक घराची जागा, पातळी आणि कागद वेगळे असतात. एका पत्रामुळे निळ्या रेषेबाहेरचं घरही आतल्या घरांबरोबर एकाच दाव्याला बांधलं जातं.

उत्तरात चार गोष्टी असू द्या: ताबा आणि मालकीचा आधार, पूररेषेच्या संदर्भात घराची जागा (नकाशासह), प्रत्यक्ष सुनावणीची मागणी आणि मागितलेल्या कागदांची यादी. भावनिक मजकूर एका परिच्छेदात आटपा. उत्तर आवक विभागात देऊन शिक्का घ्या आणि स्पीड पोस्टानंही पाठवा.

सर्वोच्च न्यायालयाचा १३ नोव्हेंबर २०२४ चा निकाल सध्या सगळेच सांगतात: किमान १५ दिवसांची नोटीस, प्रत्यक्ष सुनावणी, कारणांसह आदेश, आदेशानंतर आणखी १५ दिवस, पाडकामाचं चित्रीकरण. हे खरं आहे. पण त्याच निकालात अपवाद आहेत. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगत किंवा नदी-जलाशयासारख्या सार्वजनिक जागेतलं अनधिकृत बांधकाम, आणि न्यायालयाच्या आदेशानं होणारं पाडकाम, यांना ते निर्देश लागू नाहीत. त्यामुळे नदीकाठच्या माणसानं "आम्हाला १५ दिवस मिळणारच" या भरवशावर झोपू नये.

वाद घालायला जागा मात्र आहे. तुमची जमीन खासगी मालकीची असेल, सातबारा तसा असेल आणि ती नदीपात्रात नसून पूररेषेच्या पट्ट्यात असेल, तर ती "सार्वजनिक जागा" कशी, हा प्रश्न वकिलाला आवर्जून विचारा आणि उत्तरात लेखी मांडा. मान्य होईलच असं नाही. पण आधी मांडलेला मुद्दा उच्च न्यायालयात नेता येतो.

५. योग्य दार ठोठवा

दिवाणी न्यायालयात मनाईचा दावा लावणं हा अनेकांचा पहिला विचार असतो. एमआरटीपी अधिनियमाचं कलम १४९ आणि महानगरपालिका अधिनियमाचं कलम ४३३अ दिवाणी न्यायालयाचा मार्ग अडवतात. तिथे दावा टाकून एखादी तारीख मिळते, हायसं वाटतं, आणि मग अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर दावा फेटाळला जातो. तोवर खरी मुदत निघून गेलेली असते.

महापालिकेच्या नोटिशीविरुद्ध उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका करता येते. महापालिकेनं आधीच कॅव्हेट (आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका, असा अर्ज) दाखल केलं आहे का ते तपासा. केलं असेल तर त्यांना ऐकल्याशिवाय स्थगिती मिळणार नाही, तेव्हा शेवटच्या संध्याकाळी धावत जाऊन उपयोग नाही.

हरित लवादाचं प्रकरण वेगळं. पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात आहे. तिथे अर्ज एखाद्या नागरिकानं किंवा संस्थेनं केलेला असतो, प्रतिवादी म्हणून महापालिका, जिल्हाधिकारी, प्रदूषण नियंत्रण मंडळ असतात, आणि घरमालकाचं नाव कित्येकदा यादीतच नसतं. तुमच्या गट क्रमांकाबद्दल प्रकरण चालू असल्याची कुणकुण लागली, की लगेच स्वतःला पक्षकार करून घेण्याचा अर्ज द्या. निकाल लागण्याची वाट पाहू नका.

लवाद बहुतेक वेळा संयुक्त समिती नेमून जागेची पाहणी करवतो. तिचा अहवाल हाच निकालाचा पाया असतो. पाहणीच्या दिवशी घरी थांबा, मोजणी कुठून कुठे केली ते पाहा, तुमचा सर्व्हे त्यांच्या हाती द्या, आणि अहवाल आल्यावर आक्षेप असतील तर लेखी नोंदवा. समिती येऊन गेली तेव्हा आमच्या वसाहतीत कितीतरी घरांना कुलपं होती, कारण कामाचा दिवस होता. ज्यांनी रजा काढली, त्यांचीच मापं नीट नोंदली गेली.

लवादाचा निकाल विरुद्ध गेला तर ३० दिवसांत पुनर्विलोकन अर्ज, किंवा राष्ट्रीय हरित लवाद अधिनियम, २०१० च्या कलम २२ खाली ९० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील. उच्च न्यायालयाचा रिटचा अधिकार लवादामुळे संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलं आहे. बाधितांना न ऐकता दिलेले लवादाचे आदेश सर्वोच्च न्यायालयानं रद्द केल्याचीही उदाहरणं आहेत. तुम्हाला खरोखरच ऐकलं गेलं नसेल, तर तो तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो.

६. नियमितीकरण: कोणाला आशा ठेवता येईल

घर निळ्या रेषेबाहेर, नियंत्रित क्षेत्रात असेल, तर इथे खरी ताकद लावा. एमआरटीपी अधिनियमाच्या कलम ५३(३) नुसार नोटिशीच्या मुदतीत कलम ४४ खाली बांधकाम कायम ठेवण्याच्या परवानगीचा अर्ज करता येतो, आणि तो निकाली निघेपर्यंत केवळ त्या नोटिशीच्या आधारे बांधकाम हलवता येत नाही. अर्ज परवानाधारक वास्तुविशारदामार्फत, नकाशे आणि शुल्कासह करा. नाकारला गेला तर कलम ४७ खाली ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील आहे.

घर निळ्या रेषेच्या आत असेल तर मला कठोर बोलावं लागेल. प्रशमित संरचनांचे (शुल्क घेऊन नियमित केलेल्या अनधिकृत बांधकामांचे) २०१७ चे नियम निळ्या पूररेषेतल्या बांधकामांना वगळतात. गुंठेवारी अधिनियमाची (गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेले प्लॉट नियमित करण्याच्या कायद्याची) मुदत २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढली, पण तिचा अर्थ निषिद्ध क्षेत्रातलं घर वाचेल असा नाही. "नदी नियमन क्षेत्राचं धोरण सरकारनं २०१५ मध्येच रद्द केलं, आता काही अडचण नाही," असं सांगणारे एजंट भेटतील. ते धोरण वेगळं, पूररेषा वेगळी. पूररेषेची बंदी जशीच्या तशी आहे. "फाईल करून देतो" म्हणून रोख मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

निळ्या रेषेच्या आत असूनही वेगळा विचार होऊ शकतो तो अशा घरांचा, ज्यांना रीतसर परवानगी होती किंवा जी रेषा आखली जाण्याआधीची अधिकृत बांधकामं आहेत. तुमचं घर त्यात बसत असेल तर तो मुद्दा पहिल्या उत्तरापासून पुढे ठेवा.

७. पैशांची लढाई आजच सुरू करा

पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले पाडण्याचा आदेश लवादानं १ जुलै २०२४ रोजी दिला, शिवाय पर्यावरण नुकसानभरपाईपोटी ५ कोटी रुपये वसूल करायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयात दिलासा मिळाला नाही, आणि १७ मे २०२५ रोजी महापालिकेनं ते पाडले. आयुष्यभराची कमाई घातलेली माणसं होती ती.

केरळमधल्या मराडूत, किनारा नियमन क्षेत्रातले चार फ्लॅटप्रकल्प जानेवारी २०२० मध्ये स्फोटानं पाडले गेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक फ्लॅटधारकाला २५ लाख रुपये अंतरिम भरपाई द्यायला लावली होती. ती त्या प्रकरणातली मदत होती. आपोआप मिळणारा हक्क नव्हे. मागावं लागतं, म्हणून तुमच्या प्रत्येक अर्जात पर्यायी विनंती म्हणून भरपाईची मागणी घाला.

खरी वसुली विक्रेत्याकडून आणि विकसकाकडून. घर पडेपर्यंत थांबायचं कारण नाही. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षं आहे, आणि "मला कधी कळलं" हा प्रश्न पहिल्या नोटिशीपाशी येऊन थांबू शकतो. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग. प्रकल्प नोंदणीयोग्य असेल तर महारेराकडे (राज्याचं स्थावर संपदा नियामक प्राधिकरण) जा. रेरा अधिनियमाच्या कलम १८(२) खाली सदोष मालकीहक्कामुळे झालेल्या नुकसानीच्या दाव्याला मुदतीची आडकाठी नाही, आणि खोट्या जाहिरातीसाठी कलम १२ आहे. खरेदीखतात "आपणास कसलीही तोशीस लागू देणार नाही" असं विक्रेत्यानं लिहून दिलेलं असतं. ते वाक्य शोधा, अधोरेखित करा, त्यावर वकिलाकडून नोटीस द्या. पूररेषा लपवून विकलं असेल तर फसवणुकीची फिर्यादही देता येते, मात्र फिर्यादीनं पैसे परत येत नाहीत, दबाव येतो इतकंच.

गृहकर्जाचा हप्ता घर पडल्यावरही चालूच राहतो. बँकेला लगेच लेखी कळवा आणि पुनर्रचना मागा. बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलानं शोध अहवालात पूररेषेबद्दल काय लिहिलं होतं, याची प्रत मागायला संकोचू नका.

८. पाडकाम अटळ असेल तर

न्यायालयाकडे मुदत मागा. मुलांची परीक्षा, आजारी माणूस, भाड्याचं घर शोधणं ही कारणं पुराव्यासह दिली तर घर रिकामं करायला वेळ मिळू शकतो, बहुधा हमीपत्रावर. हमीपत्रात लिहिलेली तारीख पाळता येईल याची खात्री असेल तरच सही करा, कारण ती मोडली तर अवमानाची कारवाई होऊ शकते.

दरवाजे, खिडक्या, ग्रिल, फरशा, सौर पॅनेल, पंप आधीच उतरवून घ्या. यंत्र लागल्यावर काही हाती लागत नाही. शासनमान्य मूल्यांककाकडून घर उभं असतानाच मूल्यांकन करून घ्या. पाडकामाच्या दिवशी यंत्रासमोर उभं राहू नका, पोलिसांशी हुज्जत घालू नका, घरातल्या म्हाताऱ्यांना आणि मुलांना आदल्या दिवशीच नातेवाइकांकडे पाठवा. घरातल्या एकानं फक्त चित्रीकरणावर लक्ष ठेवावं.

नंतर पंचनाम्याची साक्षांकित प्रत मागा. वीजजोड कायमचा बंद करण्याचा अर्ज महावितरणला द्या, आणि मालमत्ता कराची आकारणी बांधकामापुरती रद्द करून घ्या, नाहीतर नसलेल्या घराची बिलं येत राहतात. जमीन तुमच्याच नावावर राहते. सातबारावरचं नाव किंवा हिस्सा बदललेला नाही ना, ते पुढच्या उताऱ्यात तपासा. पंचनामा, मूल्यांकन आणि चित्रीकरण हे तिन्ही सातव्या टप्प्यातल्या दाव्यात जोडायचे कागद आहेत, तेव्हा प्रती काढून त्याच आठवड्यात वकिलाकडे पोहोचवा.